यादवी युद्धांतील नगारजी

श्रोतेहो, इसापनीतींतील शिंगाड्याची गोष्ट आपणांपैकीं बहुतेकांनीं लहानपणीं वाचली असेल. लढाईंत एक शिंगाड्या शत्रूच्या हातीं सांपडतो. तो काकुळतीनें सांगतो कीं, मीं कोणावर शस्त्र उचललेलें नाहीं, माझ्याजवळ या पितळेच्या शिंगावांचून दुसरें कांहीं नाहीं. तेव्हां मला जीवदान द्या. शत्रूचे लोक म्हणतात, तूं स्वतः लढत नाहींस, परंतु दुसऱ्यांना लढण्यास उठवितोस. म्हणून तुझा अपराध अधिक. वर्गांत ही गोष्ट शिकवितांना आम्ही शिक्षक तात्पर्य सांगत असूं कीं, चिथावणी देणारा हा करणाऱ्याइतकाच दोषी. मुलें तें वहींत उतरून घेत आणि गोष्ट संपे.

परंतु ज्या लढाईंत दोन्ही पक्ष एकाच घरचे असतात, दोहोंकडे एकच वाद्यें असतात आणि एका बाजूचा नगारा वाजला कीं त्याचा अर्थ दुसऱ्या बाजूच्या शिपायालाही नेमका कळतो, तेथें ही गोष्ट इतक्यावर संपत नाहीं. प्रभासक्षेत्रीं यादव आपसांत लढून नष्ट झाले. त्यांच्यावरून अशा लढाईला आपण यादवी म्हणतों. या यादवी युद्धांत नगारा, शिंग किंवा बिगूल वाजविणाऱ्या माणसाचें जीवन कसें असतें, याचा आज थोडा विचार करावयाचा आहे. त्यासाठीं फार दूर जावयास नको. आपल्या नागपुराच्या राज्यांत असें एक युद्ध होऊन गेलें आहे.

प्रथम आपल्या फौजेंत वाद्यांचें काम काय होतें तें पाहूं. शिवछत्रपतींच्या राज्यव्यवस्थेंत जे अठरा कारखाने सांगितले जातात, त्यांत तोफखाना, पीलखाना, दारूखाना यांच्या पंक्तीला नगारखान्याचें नांव येतें. यावरून वाद्यें ही राज्याच्या सामग्रीचा भाग मानली जात, हें उघड आहे. मोगल बादशाहींतही तीच रीत होती. अबुल फजलनें ‘ऐन-इ-अकबरी’ या ग्रंथांत अकबराच्या नगारखान्याची यादी दिली आहे. तींत दमाम्याच्या सुमारें १८ जोड्या, नगाऱ्याच्या सुमारें २० जोड्या, ४ ढोल, ९ सनया, शिवाय कर्णे, शिंगें व झांजा यांचा उल्लेख आहे. आणि बादशहा स्वतः नगारा उत्तम वाजवीत असे, असेंही त्यानें लिहिलें आहे.

नगारा म्हणजे तांब्याचें किंवा लोखंडाचें खोलगट भांडें. त्याच्या तोंडावर कातडें ताणून बसविलेलें असतें व तें दोन टिपऱ्यांनीं वाजवितात. पावसाळी हवेंत कातडें सैल पडतें आणि आवाज बसतो. म्हणून तें विस्तवाच्या धगीवर शेकून पुन्हां ताठ करावें लागतें. नगारा हत्तीवर, उंटावर किंवा घोड्यावर चढविलेला असे आणि त्याच्या जवळच निशाण असे. डंका आणि निशाण हे दोन शब्द आपल्या भाषेंत जोडीनें येतात त्याचें कारण हेंच. शिंग, कर्णा व तुतारी यांना सनईसारखीं भोकें नसतात. त्यामुळें त्यांतून फुंकीच्या जोरानें चार-पांच स्वरच निघतात. एवढ्याशा स्वरांत राग आळवितां येत नाहीं, पण हुकूम सांगतां येतो.

तोंडानें हुकूम कां सांगत नसत, असा प्रश्न येईल. बंदुका व तोफा सुरू झाल्या म्हणजे सेनापतीचा शब्द वीस पावलांवरही ऐकूं येत नाहीं, आणि त्या काळच्या काळ्या दारूचा धूर इतका दाट कीं निशाणही दिसेनासें होई. अशा वेळीं कानांवर विसंबावें लागे. आवाज सेकंदाला सुमारें ११०० फूट जातो. दोन मैलांचा कोस धरला तर एक कोस जावयास त्याला नऊ-दहा सेकंद लागतात. घोडेस्वारानें तोच निरोप न्यावयाचा म्हटला तर कांहीं मिनिटें जातील, आणि तो वाटेंत मारला गेला तर निरोप पोंचणारच नाहीं. म्हणून कूच, मुक्काम, चाल, माघार या सर्वांची सूचना वाद्यांनीं दिली जाई.

आपल्या बखरींची भाषा या बाबतींत पाहण्यासारखी आहे. ‘नगारा झाला’, ‘शिंगें वाजलीं’, ‘डंका झाला’, अशी तेथें वाक्यरचना असते. सरदार घोड्यावर बसला, त्यानें तलवार चालविली, त्याला जखम लागली, हें सर्व नांवानिशीं येतें. नगारा मात्र आपला आपणच होतो. व्याकरणाच्या तासाला मी मुलांना विचारीत असें कीं, या वाक्यांतला खरा कर्ता कोठें आहे? तो कर्ता म्हणजे गुरव, घडशी किंवा मुसलमान नगारजी असे. धंदा बापाकडून मुलाकडे येई. गांवांत असतांना तोच मनुष्य देवळाच्या चौघड्यावर बसे आणि लग्नाच्या मिरवणुकीपुढें चाले. फौज निघाली कीं तेच हात, तीच टिपरी आणि तीच फुंक रणांगणावर जाई.

फौजेंत त्याचा दिवस इतरांच्या आधीं सुरू होई, कारण इतरांना उठविणें हेंच त्याचें काम. रात्रीही त्याला पुरती झोंप मिळण्याची आशा नसे; छापा आला तर पहिली हांक त्याचीच. लढाईंत तो धन्याच्या हत्तीजवळ असे. हें स्थान मानाचें खरें, पण तितकेंच धोक्याचें; कारण शत्रूच्या गोलंदाजाला मुख्य सरदार कोठें आहे हें निशाणावरून आणि नगाऱ्यावरूनच कळे. शिपायाला ढालीआड लपतां येतें. नगारजीचे दोन्ही हात टिपऱ्यांत गुंतलेले. शत्रूचा नगारा हस्तगत करणें ही मोठी फुशारकी समजली जाई, म्हणून त्याच्यावर घाला येई तो मुद्दाम येई.

आतां नागपूरच्या यादवीकडे वळूं. पहिल्या रघूजी भोसल्यांना जानोजी, साबाजी, मुधोजी व बिंबाजी असे चार पुत्र होते. १७५५ सालीं रघूजी वारल्यावर जानोजी सेनासाहेबसुभा झाले. मुधोजींकडे चांदा, साबाजींकडे वऱ्हाडांतील दारव्हा आणि बिंबाजींकडे छत्तीसगड अशी वांटणी झाली. जानोजींना पुत्र नव्हता. म्हणून मुधोजींचा मुलगा रघूजी याला दत्तक घेण्याचें त्यांनीं ठरविलें व त्याला माधवराव पेशव्यांची संमति मिळविली. १७७२ सालीं पेशव्यांच्या भेटीहून परततांना वाटेंतच जानोजींचा अंत झाला. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत माधवरावही वारले. इकडे जानोजींच्या पत्नी दर्याबाई यांनीं साबाजींचा पक्ष घेतला, आणि मुधोजी आपल्या मुलाच्या हक्कासाठीं उभे राहिले. १७७३ च्या आरंभीं अकोल्याजवळ कुंभारी येथें दोघां भावांच्या फौजांची गांठ पडली; परंतु निकाल लागला नाहीं.

पुण्यांतही त्या वेळीं घर फुटलेलें होतें. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्या वाड्याच्या दिल्ली दरवाजावर नगारखाना आहे. १८२८ च्या आगींत वाडा जळाला तरी तो उभा राहिला. पुतण्याच्या राज्यांत वाजणारी ती नौबत त्यानंतर चुलत्याच्या राज्यांत वाजूं लागली. पुण्याचा धनी बदलला कीं नागपूरच्या पदाचा धनीही बदले. पुणें दरबारानें आधीं साबाजींना मान्यता दिली होती. राघोबादादांच्या हातीं सत्ता येतांच पारडें मुधोजींकडे झुकलें. पुढें बारभाईंची सरशी झाली, तेव्हां तें पुन्हां साबाजींकडे गेलें.

याचा नगारखान्याशीं काय संबंध, असें कोणी विचारील. संबंध असा कीं, मराठी राज्यांत नगारा आणि नौबत हे पदाचे मान होते. ज्याचें पद त्याची नौबत. येथें दोन भाऊ एकाच पदावर हक्क सांगत होते. म्हणून दोघांच्याही छावणींत एकाच सेनासाहेबसुभ्याच्या नांवानें नगारे वाजत होते. निशाण एक, कुलदैवत एक, पूर्वजांचें नांव एक. रात्रीं दोन्ही छावण्या जवळ पडल्या असतील तर पलीकडच्या नौबतीचा ठेका अलीकडच्या नगारजीला परका वाटला नसेल. कदाचित् तो वाजविणारा त्याचा सोयराही असेल. धंदा वंशपरंपरेचा आणि राज्य एकच, तेव्हां याखेरीज दुसरें काय होणार?

शेवटची लढाई २६ जानेवारी १७७५ रोजीं नागपूरजवळ पाचगांव येथें झाली. तींत साबाजींची सरशी होत चालली होती. मुधोजींना वेढा पडला. आतां जय आपलाच, अशा विश्वासानें साबाजींनीं आपला हत्ती मुधोजींच्या हत्तीवर घातला आणि भावाला शरण येण्यास सांगितलें. मुधोजींनीं उत्तर दिलें तें पिस्तुलाच्या गोळीनें. साबाजी जागच्या जागीं गतप्राण झाले. एका क्षणापूर्वीं जिंकत असलेल्या फौजेला धनी उरला नाहीं, आणि हरत असलेले मुधोजी राज्याचे धनी झाले.

इतिहासाचीं पुस्तकें येथें पान उलटतात. आपण मात्र क्षणभर साबाजींच्या नगारजीकडे पाहूं. तो विजयाच्या भरांत नगारा बडवीत आहे. समोर हौद्यांत धनी कोसळतो. आतां त्यानें काय करावें? तो थांबला तर शेवटच्या फळीपर्यंत सर्वांना कळेल कीं धनी पडला, आणि फौज फुटेल. तो न थांबला तर ज्याच्या नांवानें नगारा वाजतो आहे तो मनुष्य जगांत नाहीं. हिंदुस्थानच्या लढायांत हत्तीवरचा हौदा रिकामा दिसणें म्हणजेच पराभव, हें अनेकदां घडलें आहे. १६५८ सालीं शहाजहानच्या मुलांच्या यादवींत, सामूगडच्या लढाईंत, दारा शुकोह हत्तीवरून उतरून घोड्यावर बसला. रिकामा हौदा पाहून त्याच्या लोकांनीं तो मेला असें समजून पळ काढला. पानिपतावर विश्वासराव पडल्यावर असाच हाहाकार झाला. जें डोळ्यांना रिकामा हौदा सांगतो, तेंच कानांना थांबलेला नगारा सांगतो.

आतां मुधोजींच्या नगारजीकडे पाहा. त्याची अडचण निराळी, पण हलकी नाहीं. जय झाला, म्हणजे शादियाने वाजविले पाहिजेत. परंतु जो मेला तो धन्याचा भाऊ. राजघराण्यांत मृत्यु झाला कीं नौबत बंद ठेवण्याची आपल्याकडे चाल आहे. तेव्हां त्या संध्याकाळीं नौबत वाजवावयाची कीं बंद ठेवावयाची? परक्या शत्रूशीं झालेल्या लढाईंत हा प्रश्नच उद्भवत नाहीं. तेथें जय आपल्या घरीं आणि सुतक त्याच्या घरीं. यादवींत मात्र जय आणि सुतक हीं दोन्ही एकाच दिवशीं एकाच दारांत येतात. सरदार आपल्या मनांतलें मनांत ठेवूं शकतो, मुत्सद्दी दोन अर्थांचें पत्र लिहूं शकतो. नगारजीला मात्र दोहोंपैकीं एकच करतां येतें. नगारा वाजतो किंवा वाजत नाहीं. यादवी युद्धांतील वाजंत्र्याच्या जीवनाचें मर्म मला यांतच दिसतें.

नौबत हा शब्दही येथें आठवतो. त्याचा मूळ अर्थ पाळी. पाळीपाळीनें वाजते म्हणून ती नौबत. आपल्या मराठींत त्याला दुसरा अर्थ आला आहे: ‘ही नौबत आली’, म्हणजे हा बिकट प्रसंग ओढवला. पाचगांवच्या त्या दिवशीं या शब्दाचे दोन्ही अर्थ एकत्र आले, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

पुढें कवायती पलटणी आल्या आणि नगाऱ्याच्या जोडीला तंबूर, बांसरी व बिगूल आले. पण एकाच वाद्यानें दोन्ही पक्षांशीं बोलावें, हें संकट टळलें नाहीं. १८५७ सालचें उदाहरण घ्या. तें युद्ध परकी सत्तेविरुद्ध होतें, त्याला कोणी यादवी म्हणणार नाहीं. तरी बंगालच्या पलटणींपुरतें पाहिलें तर कालपर्यंत एका रांगेंत उभे राहणारे लोक आज समोरासमोर होते. उठाव केलेल्या शिपायांना कवायत ठाऊक होती ती इंग्रजी, बिगुलाच्या खुणा ठाऊक होत्या त्याही इंग्रजी. लखनौच्या रेसिडेन्सींत वेढ्यांत सांपडलेल्या लोकांनीं लिहून ठेवलें आहे कीं, बाहेरच्या शिपायांचा बँड संध्याकाळीं इंग्रजी गती वाजवी आणि शेवटीं राणीच्या स्तुतीचें इंग्रजांचें राष्ट्रगीतही वाजवी. वेढा घालणारे तेंच वाजवीत होते आणि वेढलेले तेंच ऐकत होते.

त्या पलटणींतले तंबूरवाले बहुधा ख्रिस्ती असत. कांहीं युरेशियन, कांहीं देशी. पलटण उठली म्हणजे त्यांची स्थिति फार कठीण होई. अलाहाबादेच्या ६ व्या पलटणींत जॉन फिचेट नांवाचा तंबूरवाला होता. आपण मुसलमान होऊन जीव वांचविला, असें त्यानें मागाहून सांगितलें. कानपुरास बिबीघरांत जुलै १८५७ मध्यें झालेल्या हत्येविषयीं इंग्रज अधिकाऱ्यांनीं त्याची जबानी घेतली. इसापाच्या शिंगाड्याप्रमाणें त्याच्या हातीं शस्त्र नव्हतें. परंतु एका पक्षापुढें त्याला आपला धर्म बदलावा लागला आणि दुसऱ्या पक्षापुढें आपण जिवंत कां राहिलों याचा जबाब द्यावा लागला.

याच सुमारास समुद्रापलीकडे अमेरिकेंत जें यादवी युद्ध झालें, त्यांतील वाजंत्र्यांची हकीकत अधिक तपशीलवार लिहिलेली आहे. गुलामगिरीच्या प्रश्नावरून उत्तरेकडील व दक्षिणेकडील संस्थानें १८६१ पासून १८६५ पर्यंत एकमेकांशीं लढलीं. तेथें पायदळाच्या प्रत्येक तुकडीला दोन वाजविणारे, एक तंबुराला व एक बांसरीला किंवा बिगुलाला, अशी नेमणूक होती. शिवाय पलटणीचे मोठे बँड होते. पण त्यांचा खर्च फार होऊं लागला, म्हणून उत्तरेच्या सरकारनें जुलै १८६२ मध्यें कायदा करून स्वयंसेवक पलटणींचे बँड बंद केले आणि अनेक पलटणींच्या ब्रिगेडला मिळून सोळा माणसांचा एक बँड ठेवला. उठणें, जेवणें, हजेरी, आजाऱ्यांनीं डॉक्टरकडे जाणें, दिवे मालविणें, प्रत्येकाला वेगळी गत होती.

या तंबूरवाल्यांत पुष्कळ मुलें होतीं. ज्या वयांत आपल्याकडे मुलगा मराठी चौथींत असतो त्या वयाचीं मुलें घरून पळून जाऊन फौजेंत दाखल होत. जॉन क्लेम हा ओहायो संस्थानांतला मुलगा नऊ वर्षांचा असतांना घरांतून निघाला, तंबूर घेऊन फौजेबरोबर राहिला, आणि अखेर १९१५ सालीं जनरलच्या हुद्द्यानें सेवानिवृत्त झाला. व्हरमाँटच्या तिसऱ्या पलटणींतील विली जॉन्स्टन हा ११ वर्षांचा होता. १८६२ च्या उन्हाळ्यांत सात दिवस चाललेल्या माघारींत मोठमोठ्या शिपायांनीं बंदुका टाकून दिल्या. या मुलानें आपला तंबूर टाकला नाहीं. त्याला पुढें त्या देशांतील सर्वांत मोठें शौर्यपदक मिळालें. ऑरियन हाऊ हा १४ वर्षांचा तंबूरवाला १९ मे १८६३ रोजीं व्हिक्सबर्गच्या वेढ्यांत पायाला गोळी लागलेली असतांना काडतुसें संपल्याचा निरोप जनरल शर्मनपर्यंत घेऊन गेला. या गोष्टी ऐकून आपल्याला कौतुक वाटतें. परंतु शिक्षक या नात्यानें माझ्या मनांत दुसराही विचार येतो. भावाभावांचें भांडण मिटविण्यासाठीं ज्या मोठ्या माणसांना मुलांच्या गळ्यांत तंबूर अडकवावा लागतो, त्यांच्या मोठेपणांत कांहीं तरी उणें असलें पाहिजे.

लढाई सुरू झाली कीं या वाजंत्र्यांना वाद्यें बाजूला ठेवून जखमी उचलावे लागत. डोली वाहणें, पाणी पाजणें, शस्त्रवैद्य पाय कापीत असतां रोग्याला धरून ठेवणें, हीं कामें त्यांचीं. जुलै १८६३ मध्यें गेटिसबर्गच्या लढाईंत दक्षिणेकडील नॉर्थ कॅरोलिनाच्या २६ व्या पलटणीचा बँड असाच जखमींची शुश्रूषा करीत होता. पहिल्याच दिवशीं त्या पलटणींतील दोन-तृतीयांशांहून अधिक माणसें पडलीं होतीं. दुसऱ्या दिवशीं त्यांना हुकूम झाला कीं, फौजेला धीर येण्यासाठीं बँड वाजवा. तोफांच्या माऱ्यांत त्यांनीं नाचाच्या गती वाजविल्या. लढाई पाहावयास आलेल्या फ्रीमँटल नांवाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानें, तोफांच्या गडगडाटांत नाचाचें संगीत ऐकून आपल्याला कसें चमत्कारिक वाटलें, तें लिहून ठेवलें आहे. ज्यांच्या मित्रांचे मुडदे शेतांत पडले होते त्यांना तें वाजवितांना काय वाटलें असेल, याची कल्पना आपणच करावी.

त्या युद्धांतही दोन्ही पक्षांची भाषा एक होती. विल्यम हार्डी नांवाच्या अधिकाऱ्यानें १८५५ सालीं लिहिलेल्या कवायतीच्या पुस्तकावर दोन्ही फौजा शिकल्या, आणि हा हार्डी स्वतः दक्षिणेकडे गेला. ३० डिसेंबर १८६२ रोजीं टेनेसी संस्थानांत मर्फ्रीसबरोजवळ दोन्ही फौजा समोरासमोर तळ देऊन होत्या. दुसऱ्या दिवशीं लढाई ठरलेली. रात्रीं दोन्हीकडचे बँड चढाओढीनें आपापल्या पक्षाचीं गाणीं वाजवूं लागले. मग एका बँडनें घराच्या आठवणीचें ‘होम, स्वीट होम’ हें गाणें धरलें. पलीकडच्या बँडनें तें उचललें, आणि एकामागून एक दोन्ही फौजांतील बँड तेंच वाजवूं लागले. हजारों शिपाई तें गाऊं लागले. सकाळीं लढाई झाली. ती ३१ डिसेंबरला सुरू होऊन २ जानेवारीपर्यंत चालली, आणि दोन्ही बाजू मिळून तेवीस हजारांहून अधिक माणसें मेलीं, जखमी झालीं किंवा हातीं लागलीं. रात्रीं एकत्र गाणाऱ्यांनींच सकाळीं एकमेकांना मारलें. गाण्यानें लढाई थांबत नाहीं, ही गोष्ट कडू आहे, पण खरी आहे.

तरी वाद्यांनीं कांहींच साधलें नाहीं असेंही नाहीं. जुलै १८६२ मध्यें व्हर्जिनियांत जेम्स नदीच्या कांठीं जनरल बटरफील्ड यानें, ऑलिव्हर नॉर्टन या आपल्या बिगूलवाल्याला बोलावून, दिवे मालविण्याच्या वेळची एक नवी गत बसविली. ती अवघी चोवीस स्वरांची आहे. दुसऱ्या दिवशीं आसपासच्या तळांवरील बिगूलवाले ती मागावयास नॉर्टनकडे आले. त्याच मोहिमेंत एका तोफखान्यांतील गोलंदाज मेला. प्रेताला बंदुकांची सलामी द्यावी तर शत्रु इतका जवळ कीं त्याला हल्ला झाल्याचा भास होईल; म्हणून सलामीच्या ऐवजीं हीच गत वाजविण्यांत आली. ‘टॅप्स’ या नांवानें ती आजही अमेरिकेंत सैनिकाच्या दफनाच्या वेळीं वाजते. जय आणि सुतक यांच्या पेंचांत सांपडलेल्या वाजंत्र्यानें शोधलेली ती वाट आहे: तो मेलेल्याचा पक्ष विचारीत नाहीं, त्याला फक्त झोंप म्हणतो.

दक्षिणेचा मुख्य सेनापति ली ९ एप्रिल १८६५ रोजीं शरण आला. दुसऱ्या दिवशीं वॉशिंग्टनला लोक आनंदानें अध्यक्ष लिंकन यांच्या घराशीं बँड घेऊन जमले. लिंकननीं त्यांना कोणतें गाणें वाजवावयास सांगितलें? दक्षिणेकडील फौजेचें ‘डिक्सी’! हें गाणें आपल्याला फार आवडतें, आणि आतां तें आपलें झालें आहे, असें ते विनोदानें म्हणाले. पुढें पांच दिवसांच्या आंत त्यांचा खून झाला, आणि शादियाने वाजविणाऱ्या त्याच बँडांना शोकाच्या गती वाजवाव्या लागल्या. परंतु जिंकल्यावर हरलेल्या भावाचें गाणें वाजवावें, ही सूचना राहून गेली आहे.

आतां इसापाच्या गोष्टीकडे परत येऊं. शिंगाड्या दोषी कीं निर्दोष? गोष्टींतले शत्रु एक मुद्दा विसरले. शिंग जसें चालून जाण्याची खूण देतें, तशी परत फिरण्याचीही देतें. सूर्यास्ताला युद्ध थांबवावें, निशाणें उतरवावीं, विखुरलेल्यांनीं तळावर यावें, ही सूचना तोच मनुष्य त्याच वाद्यानें देतो. दरसाल २९ जानेवारीला दिल्लींत विजय चौकांत आपल्या सेनादलांचे बँड जो संध्याकाळचा सोहळा करतात, त्याचें मूळ याच खुणेंत आहे. जो उठवितो त्याच्याच हातीं थांबविणेंही असतें. मात्र टिपरी केव्हां उचलावयाची हें त्याला दुसरा कोणी सांगतो. दोष ठरवावयाचा तर तो सांगणाऱ्यापासून ठरवावा लागेल, आणि घरांतलें भांडण रणांगणापर्यंत नेणाऱ्या प्रत्येकाच्या वांट्याला त्यांतला थोडा थोडा येईल.

पाचगांवच्या लढाईनंतर मुधोजींनीं मुलाच्या नांवानें राज्य चालविलें. १७८८ सालीं ते वारले, आणि दुसऱ्या रघूजींनीं १८१६ पर्यंत राज्य केलें. महालांतला भोसल्यांचा राजवाडा १८६४ सालीं आगींत जळाला. आतां त्या घराण्याच्या सत्तेची नौबत कोणाला ऐकूं येत नाहीं. योगायोग असा कीं, ज्या २६ जानेवारीला दोघां भावांचे नगारे एकमेकांविरुद्ध वाजले, त्याच तारखेला १९५० पासून आपण प्रजासत्ताकदिन पाळतों, आणि कस्तुरचंद पार्कवर एकाच निशाणाखालीं बँड वाजतो. पुढच्या वर्षीं तो ऐकतांना वाजविणाऱ्यांच्या चेहऱ्यांकडेही एकदां पाहावें, एवढीच माझी श्रोत्यांना विनंती आहे. ‘नगारा झाला’ या वाक्याचा कर्ता तेथें उभा असतो.